सात ट्रे आणि मागची खोली

मी, या घराच्या वरच्या मजल्यावर जन्मलेली आणि खालच्या मजल्यावर त्रेपन्न वर्षं लोकांचे फोटो धुतलेली बाई, वय वर्षं शहात्तर, लग्न केलेलं नाही, धंदा आता बंद, माझ्या मागे माझ्या वस्तूंचं काय व्हावं ते लिहून ठेवत आहे. कोणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. सांगून ऐकणाऱ्यांतली मी कधीच नव्हते, हे गल्लीतलं कोणीही शपथेवर सांगेल. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार आणि तारीख विचारली. मी दोन्ही सांगितलं, आणि त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलंय तेही सांगितलं. त्यांनी मुकाट्याने सही केली.

याआधी मी एक मसुदा केला होता आणि तो पोस्टाने एका माणसाला पाठवला होता. तो रद्द समजावा. का, ते कलम सहा आणि सातमध्ये येईल. या कागदात ज्यांचा उल्लेख नात्याने किंवा धंद्याने केला आहे त्यांची नावं आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर लिहून मागे टाचले आहेत.

वकीलबाई म्हणाल्या, "थोडक्यात लिहा मावशी. ज्याला जे द्यायचं ते द्या, कारणं देत बसू नका." मी म्हटलं, "कारणं दिली नाहीत म्हणूनच माझी ही गत झालीय." तेव्हा कारणांसकट लिहीत आहे. त्यांनी कपाळाला हात लावला, पण कागद पुढे सरकवला.

कलम एक. मी आणि माझी माणसं.

हा स्टुडिओ वडिलांनी काढला. पुढच्या खोलीत पडदा, स्टूल, कॅमेरा. मागच्या खोलीत खिडकीला फळ्या ठोकून डार्करूम. आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांची आणि माझी धाकटी बहीण दोन वर्षांची होती. तिला न्हाऊ घालणं, तिच्या वेण्या, तिचा शाळेचा डबा, सगळं माझ्याकडे आलं. ती मला ताई म्हणायची. झोपेत कधीकधी आई म्हणायची, आणि सकाळी मी तिला ते सांगत नसे. पुढे वडीलही गेले. मग आम्ही दोघींनीच स्टुडिओ चालवला. फोटो मी काढायचे, ट्रे ती सांभाळायची. बाकी माणसं मला नाहीत.

कलम दोन. घर आणि बँकेतलं जे काय असेल ते.

वरच्या दोन खोल्या, खालची पुढची खोली, गच्चीचा जिना, आणि बँकेतली शिल्लक, हे सर्व धाकटीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावं. मी तिला पाहिलेलं नाही.

धाकटी हे घर सोडून गेली त्याला अडतीस वर्षं झाली. या अडतीस वर्षांत तिने मला चार कार्डं पाठवली, दर वेळी घर बदललं की एक. कार्डावर फक्त नवा पत्ता. ना नमस्कार, ना खुशाली, ना खाली सही. तिसऱ्या कार्डावरचा पत्ता मात्र लहान मुलाच्या अक्षरात होता. ओळ उजवीकडे वर चढत गेलेली, एक शब्द खोडून पुन्हा लिहिलेला. म्हणजे शेजारी बसून कोणीतरी सांगत होतं, आता हे लिही, आता त्याच्याखाली हे. ते कार्ड मी इतक्यांदा हातात घेतलंय की त्याच्या कडा मऊ पडल्या आहेत. मुलगी आहे हे चौथ्या कार्डावरून कळलं, कारण त्यातल्या पत्त्यात 'मुलीकडे' असं लिहून तिचं नाव होतं.

एकाही कार्डाला मी उत्तर दिलं नाही. पत्ता कळवते म्हणजे उत्तर हवंय, एवढं कळायची अक्कल मला होती. कागद घेऊन बसायचे. पहिली ओळ काय लिहायची, तिथेच घोडं अडायचं. मग गिऱ्हाईक यायचं, मग दुसरा दिवस उजाडायचा, असं करत अडतीस वर्षं गेली.

भाचीला एक विनंती. जिन्याची चौथी पायरी हलते. तिथे डाव्या बाजूला पाय द्यावा.

कलम तीन. शेजारचा बाइंडर.

याच्याशी माझं चाळीस वर्षांचं वैर आहे आणि ते मी कोणाच्याही नावावर करत नाही, माझ्याबरोबर संपावं. त्याने माझं काचेचं मोजपात्र एकदा पाच मिनिटांसाठी म्हणून नेलं आणि त्यात पुस्तकं चिकटवायची खळ कालवली. तीन दिवसांनी परत आणलं तेव्हा आकडे दिसत नव्हते. तो म्हणतो, घासून दिलं होतं. साफ खोटं. गरम पाण्यात भिजवून, लाकडी काडीने खरवडून ते मी साफ केलंय.

दुसरं भांडण कुंड्यांचं. माझ्या मोरीच्या पाण्याने त्याच्या कुंड्या जळल्या असं तो गल्लीभर सांगत फिरतो. मी आजवर त्याला वेड्यात काढत आले. पण त्याचं म्हणणं खरं आहे. त्या काळी मी वापरलेला हायपो सरळ मोरीत ओतत होते, आणि पाणी तुंबलं की ते त्याच्या अंगणात जायचं. हायपो म्हणजे फोटो पक्का करणारं पाणी. वापरून झालं की त्यात चांदी विरघळलेली असते, ती झाडाला सोसत नाही आणि नदीलाही नाही. हे मी त्याच्या तोंडावर कबूल केलं नाही, इथे करते. मला हायपोबाई हे नाव त्यानेच पाडलं. वासामुळे. आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो.

कलम चार. मागच्या खोलीतलं सामान, आणि ते कसं साफ करायचं.

एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, एक, सुस्थितीत. त्याच्या भिंगाला बोट लावू नये, मऊ ब्रशने धूळ झटकावी, बस. चिमटे सहा. दर ट्रेचा चिमटा वेगळा, मुठीवर रंगीत दोरा गुंडाळून ठेवलाय, लाल दोऱ्याचा निळ्याच्या ट्रेत गेला तर सगळा दिवस वाया. ॲप्रन दोन. रबरी हातमोजे, कोपरापर्यंतचे, बारा जोड्या, न वापरलेले. ते मी फार उशिरा विकत घेतले.

ट्रे सात. पैकी सहा द्यायचे आहेत. सातवा, लहान, पांढऱ्या मुलाम्याचा, कोणालाही द्यायचा नाही. तो ठोकून चपटा करून भंगारात टाकावा. कारण कलम सहामध्ये.

सहा ट्रे मी चार महिने खपून स्वच्छ केले आहेत. पण वापरले की पुन्हा डाग पडणार, म्हणून पुढचं नीट वाचावं, मी सांगायला नसेन. डेव्हलपरच्या, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या पाण्याच्या, ट्रेच्या तळाला तपकिरी थर बसतो, चहाच्या जुन्या भांड्याला बसतो तसा. तो साबणाने जात नाही. तारेच्या घासणीने घासायचा मोह होतो. घासू नये, त्या ओरखड्यांतच पुढचा डाग घट्ट बसतो. त्याला परमँगनेट लागतं. जांभळे खडे पाण्यात विरघळवायचे आणि त्यात सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने, मोजून सोडायचं. पाण्यात ॲसिड. ॲसिडात पाणी ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, दार सताड उघडं, पंखा चालू. हे पाणी ट्रेत पाच मिनिटं ठेवून ओतून टाकायचं आणि ट्रे धुवायचा. सगळा ट्रे आणखीच तपकिरी दिसेल. घाबरू नये. त्यावर बायसल्फाइटचं पाणी फिरवलं की तो तपकिरी रंग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. तेव्हा ट्रेवर वाकू नये, नाकाला झोंबणारी वाफ येते. मग नळाखाली खळखळून धुवायचं. कपड्यांचं ब्लीच या खोलीत आणूच नये. ॲसिडाशी किंवा हायपोशी त्याची गाठ पडली तर निघणारी वाफ माणसाला आडवं करते.

पहिला ट्रे असा स्वच्छ झाला तेव्हा मी तो उजेडात धरून उभी राहिले. तळाला वडिलांनी खिळ्याने कोरलेला आकडा दिसला. एक. मला तो ट्रे कायम तपकिरीच आठवतो. आकडा खाली होता हेही मी विसरले होते.

कलम पाच. बाटल्या.

मोजलेल्या बत्तीस होत्या. त्यातल्या एकोणतीस समोरच्या शाळेच्या रसायनशास्त्राच्या बाई घेऊन गेल्या आहेत, दोन खेपांत, प्रत्येक बाटली वेगळ्या बादलीत उभी ठेवून. ज्यांचं काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्या त्यांनी घातक कचरा नेणाऱ्यांच्या हवाली केल्या. शहाणी बाई आहे. बाटली हातात घेण्याआधी चिठ्ठी वाचते. एक बाटली सरबताची होती. आत सरबत नव्हतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. बरोबरच आहे. खाण्यापिण्याच्या बाटलीत रसायन भरणाऱ्याला माझ्याकडून काहीही मिळू नये, असं मी इथे लिहिणार होते. पण ती मीच भरली होती.

उरलेल्या तीन बाटल्या रिकाम्या आहेत, आतून धुतलेल्या. त्यांच्यावर धाकटीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. एकीवर, "डेव्हलपर. ताजा असताना कडक, नंतर मवाळ. ताईचं उलटं." दुसरीवर, जिच्यात चित्राचं उमटणं थांबवणारं आंबट पाणी असायचं, "स्टॉप बाथ. नाक धरा, मग झाकण काढा." तिसरीवर, "हायपो. ताईचं अत्तर." चिठ्ठ्या भिजवून काढायला मी पाणी घेतलं होतं. पहिलीचा कोपरा सुटला, तेव्हा थांबले. या तीन बाटल्या भाचीला द्याव्यात. तिची आई एके काळी किती चावट होती ते तिला कळू दे.

कलम सहा. धाकटीचे हात.

हे कलम वकीलबाईंनी गाळायला सांगितलं. गाळत नाही.

कागद डेव्हलपरमध्ये बुडवला की चित्र हळूहळू वर येतं. एखादा चेहरा फिकाच राहतो. अशा वेळी त्यावर बोटाची ऊब द्यायची, हलकं चोळायचं, की नाकडोळे दिसायला लागतात. चिमट्याने हे होत नाही, मोज्यांनी होत नाही. हे मला वडिलांनी शिकवलं आणि मी धाकटीला. तिला माझ्यापेक्षा चांगलं जमायचं. अंधारात, त्या तांबड्या दिव्याखाली, ती ट्रेवर वाकून कोणा अनोळखी म्हाताऱ्याचा गाल दोन बोटांनी चोळत बसलेली असायची आणि त्याच्याशी बोलायची, "या काका, या, लाजू नका." मी पलीकडे वाळलेले फोटो कापत ऐकायचे. माझ्या आयुष्यात मी कधी सुखी होते का असं कोणी विचारलं, तर ती खोली, ती वेळ.

डेव्हलपरमध्ये मेटॉल नावाची पूड असते. पुष्कळांना तिचं काही होत नाही. मला झालं नाही, नखं तपकिरी झाली तेवढीच. काहींच्या कातडीला ती सोसत नाही. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग पुरळ, मग कातडी तडकते. धाकटी म्हणाली, "ताई, हात खाजतायत गं." मी म्हटलं, "काम नको असलं की सगळ्यांचेच खाजतात." ती म्हणाली, "मोजे आणूया ना." मी म्हटलं, "मोज्यांनी चेहरे येत नाहीत." दोन वर्षं हे चाललं. ती हात पाठीमागे धरून गिऱ्हाइकांशी बोलायला लागली, आणि मी त्याकडे काणाडोळा केला.

मग तिने मला न सांगता एका ग्रंथालयात अर्ज केला. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "म्हणजे चाललीस." ती म्हणाली, "अगं, नुसती विचारायला जातेय. मिळेल कुठे लगेच." आदल्या दुपारी ती मोरीपाशी बसून लिंबाच्या फोडीने नखं घासत होती. "असे हात घेऊन कशी जाऊ?" म्हणाली. मी म्हटलं, "आण इकडे."

आमच्या धंद्यात हातांचे डागही परमँगनेटनेच काढायची रीत होती. पण ते अगदी पातळ, आणि कातडी धड असेल तर. मी त्या लहान पांढऱ्या ट्रेत पाणी घेतलं. खडे टाकले. ॲसिड ओतलं. सगळा जन्म मी मोजून काम केलं आहे, पाण्याची ऊबसुद्धा मोजून. त्या दुपारी ॲसिड मोजलं नाही. मोजपात्र समोर होतं. मला राग आला होता. ती मला टाकून जातेय याचा राग. तिला इजा व्हावी असं माझ्या मनात होतं का? नव्हतं. तिने जाऊ नये असं होतं का? होतं. या दोन्हींमध्ये मी त्या वेळी कुठे उभी होते ते मला आजही सांगता येत नाही, आणि मी पुष्कळ शोधलं आहे.

तिने दोन्ही हात आत घातले. लहानपणी न्हाणीघरात मी पाणी विसणलं की पाय पुढे करायची, तसे, पाण्याकडे न बघता. मग तिने श्वास आत ओढला. मी म्हटलं, "थांब, थोडं थांब, निघतील बघ डाग." आणि मी तिची मनगटं धरून ठेवली. वीस सेकंद. ते मात्र मी मोजले.

वरून बायसल्फाइटचं पाणी फिरवल्यावर डाग निघाले. नखं स्वच्छ झाली. तडकलेल्या कातडीत ॲसिड शिरलं होतं. दोन महिने तिला स्वतःचे केस विंचरता आले नाहीत. मी विंचरायचे. ती विंचरू द्यायची, पण आरशात माझ्याकडे बघायची नाही. मुलाखत गेली. बँडेज सुटलं त्याच आठवड्यात ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, डाग काढायला गेले मी. चुकले." ती म्हणाली, "ताई, मी ट्रे नाहीये." आणि गेली.

गेल्या वर्षी माझी छाती दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. घरी आले ती तडक मागच्या खोलीत गेले आणि घासायला सुरुवात केली. मनात एकच. ती कधी आलीच, तर तिने इथल्या कशालाही उघडा हात लावावा आणि तिला काही होऊ नये. ट्रे घासले, भिंती धुतल्या, फरशीच्या फटी ब्रशने काढल्या, मेटॉलचा कण ठेवला नाही. खिडकीच्या फळ्याही उखडल्या. मग पहिला मसुदा केला, मागची खोली सर्व सामानासह माझ्या धाकट्या बहिणीला, आणि चौथ्या कार्डावरच्या पत्त्यावर पाठवला. पाकिटात चिठ्ठी घातली नाही. खाली माझा टेलिफोनचा नंबर होता, वकीलबाईंनी टाकलेला.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"ताई?"

आवाज जाडसर झाला होता. तरी मी ओळखला. मी म्हटलं, "बोल."

"कागद मिळाला. मला नको ती खोली."

"अगं, स्वच्छ केलीय मी. कोपरा न् कोपरा. आता काही नाहीये तिथे. सगळे डाग काढलेत."

"तू डाग कसे काढतेस ते मला माहितीये, ताई."

तिच्याकडे मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो कोणीतरी बंद केला.

"बरी आहेस ना?" ती म्हणाली. "मृत्युपत्राचं कशाला काढलंस एकदम?"

"छे, ठणठणीत आहे. वय झालं, म्हणून आपलं."

"आणि हात? हात कसे आहेत तुझे?"

त्रेपन्न वर्षांत माझ्या हातांची चौकशी कोणी केली नव्हती. आणि ती तिने करावी! 'बरे आहेत' म्हणाले, की नुसतं मनात म्हणाले, कोण जाणे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ठेवते हं," आणि फोन ठेवला. 'तुझे कसे आहेत?' हे मी रिसीव्हर खाली ठेवल्यानंतर विचारलं, मोकळ्या खोलीत, मोठ्याने.

माझ्या हातांचं तिला विचारावंसं वाटलं. मी तिला अडतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. हे मला सोसत नाही. दिवसभर काहीही करत असले तरी हेच चालू असतं.

कलम सात. मागच्या खोलीबाबत बदल.

मी वकीलबाईंकडे गेले. म्हटलं, "तिला खोली नकोय. आता काय देऊ?" त्या म्हणाल्या, "नको म्हणतात तर सोडा. दुसऱ्या कोणाला द्या. आणि हो, साक्षीदार दोन लागतील. दोघांनी तुम्हाला सही करताना समक्ष बघायचं आणि तुमच्या समोर स्वतःची सही करायची. पोस्टाने नाही चालत. आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळतंय त्यांना घेऊ नका, त्यांनी सही केली तर त्यांना दिलेलं रद्द होतं."

मी म्हटलं, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, मला ऐकू येत नाही असं समजून.

"म्हणजे जिला काहीच मिळत नाही, ती साक्षीदार होऊ शकते?"

"हो."

"बहीण असली तरी?"

"असली तरी. मुलीला घर जातंय, त्याला काही बाधा नाही."

"आणि तिला इथे यावंच लागेल?"

"यावंच लागेल, मावशी."

"मी जिवंत असताना?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही गेल्यावर तुमची सही कशी बघणार त्या?"

तेव्हा, पूर्ण विचारांती, मी असं ठरवलं आहे की माझ्या धाकट्या बहिणीला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. खोली नाही, ट्रे नाही, चमचासुद्धा नाही. लोक म्हणतील, म्हातारीने सख्ख्या बहिणीचा काटा काढला. म्हणू देत. खोली दिली असती तर मी गेल्यावर तिने एकदा येऊन कुलूप काढलं असतं, किंवा नसतं काढलं. मला काय दिसणार होतं त्यातलं? मला ती खोलीत नको आहे. मला ती समोरच्या खुर्चीत हवी आहे, माझे डोळे शाबूत आहेत तोवर. मला तिचे हात बघायचे आहेत. ते कसे आहेत ते मला विचारायचं आहे आणि तिचं उत्तर ऐकून घ्यायचं आहे, ते काहीही असो.

कोणी म्हणेल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, फोन उचलून 'ये' म्हण. नाही म्हणवत. तिची मनगटं धरली ना मी, त्याच वेळी तिला 'ये' म्हणायचा माझा हक्क गेला. साक्षीदार व्हा अशी विनंती मात्र कोणीही कोणालाही करू शकतं. तशी विनंती मी तिला पत्राने केली आहे. हे पत्र मी पूर्ण लिहिलं आणि पोस्टात टाकलं. पहिली ओळ होती, "धाकटे, मी ॲसिड मोजलं नव्हतं." बाकी सगळं त्यापुढे आपोआप आलं.

मागची खोली आणि सहा ट्रेंसह सर्व सामान रसायनशास्त्राच्या बाईंच्या शाळेला द्यावं. अट एकच. उघड्या हाताने कोणीही काम करायचं नाही. चेहरा फिका राहिला तर राहू द्यावा.

मोजपात्र बाइंडरला द्यावं असं एकदा मनात आलं होतं, त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. पण तो पहिला साक्षीदार आहे, त्यामुळे त्याला कायद्याने काही देता येत नाही. कायद्यात अशीही सोय असते हे मला माहीत नव्हतं.

ती आली तर तिला मागच्या खोलीत नेऊ नये. टेबल पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी मांडलं आहे. पेन नवं आहे, दुकानातून आणलं ते तसंच पाकिटात ठेवलं आहे. माझे हात त्याला लागलेले नाहीत.

वर लिहिलेलं सर्व मी स्वतः लिहिलं आहे, स्वतःला मोठ्याने वाचून दाखवलं आहे आणि ते मला मान्य आहे.

स्थळ: स्टुडिओची पुढची खोली.

दिनांक: सही होईल त्या दिवशीचा घालावा.

मृत्युपत्र करणारी: सही अजून केलेली नाही. दोन्ही साक्षीदार समोर बसले की करीन.

साक्षीदार क्रमांक एक: शेजारचा बाइंडर. कलम तीन वाचून त्याने ते पुन्हा एकदा वाचलं, मग म्हणाला, "कुंड्यांचं मला माहीतच होतं." आता रोज सकाळी डोकावून विचारतो, "काय हायपोबाई, आज का?" मी म्हणते, "आज नाही."

साक्षीदार क्रमांक दोन: माझी धाकटी बहीण. ही सही झाल्याशिवाय या कागदाला काडीची किंमत नाही, दुसरा कोणी साक्षीदार घ्या, तुमची तब्येत अशी, उद्या काही झालं तर घर, खोली, सगळं वाऱ्यावर जाईल, असं वकीलबाईंनी मला तीनदा बजावलं आहे. मी ऐकून घेतलं. दुसरा साक्षीदार मी घेणार नाही, आणि ती येईपर्यंत मी मरत नाही.

सही: